‘भुसा’कडून कोण आलंय?

हॅलो? ऐकू येतंय?… अगं, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक! मी हॉलच्या मागच्या जिन्यात आहे… हो, हो, मेटल बँडच्या स्पर्धेत झाली आमची निवड. थांब, अभिनंदन नको. दोनदा झाली.

दोनदा म्हणजे दोनदा!… एकदा थ्रॅश गटात, एकदा डूम गटात… अगं बाई, थ्रॅश म्हणजे सुसाट. आम्ही वाजवतो ते. दादाची गिटार, सुताराचा बेस, माझे ड्रम्स… तोच सुतार, त्याच्याच दुकानात प्रॅक्टिस. म्हणून तर बँडचं नाव ‘रंधा’. आणि डूम म्हणजे संथ. जड. भरलेलं कपाट सरकवल्यासारखं.

…आम्ही कुठे वाजवतो? तेच सांगतेय ना! माझा घोटा सुजला होता, आठवतंय?… हां, तेव्हा. पायाने पेडल मारवेना. दादा म्हणाला, नुसती बसू नकोस, निम्म्या वेगात वाजवू, हात तरी चालू राहतील. सुताराने तारा पण सैल करायला लावल्या. दादा आपला कुरकुरतोय, ‘गोगलगायीला पण घाई असते यापेक्षा!’ आणि सुताराने गुपचूप रेकॉर्ड केलं.

अगं, काय झालं होतं ते! गाणं तेच, पण थेट पोटात उतरतं. तीन दिवस मी दुसरं काही ऐकलं नाही. मग… हो. पाठवलं. वेगळा फॉर्म, नाव ‘भुसा’… दादाला सांगून? वेडी आहेस का!

नाही गं, मजा पुढेच आहे. आज निवडलेली गाणी हॉलमध्ये लावली. थ्रॅशला एक टकलू परीक्षक, डूमला एक शालवाली बाई. टकलू म्हणाला, ‘रंधा’ म्हणजे अस्सल थ्रॅश, यात डूमचा थेंब नाही. बाई म्हणाल्या, ‘भुसा’कडून शिका जरा, नाहीतर ती ‘रंधा’ची पोरं, नुसती धावतात!… हसू नकोस! मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते.

आणि दादा ताडकन उठला. ‘या लोकांनी माझी रिफ चोरली!’ रिफ म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारी धून… हो गं! स्वतःचीच! ओळखलीच नाही! गेला की तरातरा तक्रार द्यायला.

…मी? मागोमाग पळाले. आत परीक्षकांचं वेगळंच महाभारत. बाई म्हणतात, चोरी कसली, हा प्रकारच वेगळा. डूम ही जुन्या हेवी मेटलची थोरली लेक, माहेरीच राहिली. टकलू म्हणतो, मग थ्रॅश पण त्याच घरातलं, फक्त पंक रॉकच्या नादाने धावायला शिकलं. सख्खी की चुलत, यावर दहा मिनिटं! शेवटी टकलू वैतागला, ‘भुसाकडून कोण आलंय, त्यांनाच विचारू.’

…अगं हो, गप्प बसता आलं असतं. कोणी आलंच नाही म्हणून ‘भुसा’ बाद, दादा खूश, विषय संपला. दोन सेकंद तोच विचार केला… मग हात वर केला.

…दादा? माझ्याकडे बघतच राहिला. हेडफोन मागितला. सात मिनिटं उभ्याने ऐकलं. काढला. म्हणाला, ‘हे मी वाजवलंय?’… नाही, रागाने नाही. तेच तर! राग असता तर भांडले असते गं.

मग टकलूने नियम दाखवला. एका बँडचा एकच अर्ज. एक नाव ठेवा, दुसरं खोडा, आत्ताच्या आत्ता. दादा म्हणाला, ‘फॉर्म तू भरलास, तूच ठरव,’ आणि खाली गाडीत जाऊन बसला.

…हो ना, चार वर्षं ‘रंधा’ म्हणजे त्याचा जीव. माहितेय मला. रोज कामावरून येऊन बोटं सोलवटून घेतलीत त्याने त्या वेगासाठी. संथ वाजवायचं तर तो बँडमध्ये राहील की नाही, देव जाणे.

…मी कुठलं खोडलं? ‘रंधा’.

ए, ओरडू नकोस! घोटा कधीच बरा झालाय, उगाच त्याचं निमित्त नको. मला तेच वाजवायचंय, बस्स. खोडलं, सही केली, कागद दिला… नाही, पश्चात्ताप वगैरे अजिबात नाही.

फक्त त्याला अजून सांगितलं नाहीये. गाडी इथून दिसतेय. काच वर आहे… हो, जातेय, आत्ताच जातेय. तूच सांगायला येतेस का?… मग! लांबून बोलायला काय जातंय! खरं सांग, पेन तुझ्या हातात असतं आणि तो खाली असा एकटा बसलेला… तू कुठलं खोडलं असतंस?