एकदाच ओढला होता

नवऱ्याची जुनी बंदूक मोडीत द्यायला आलेली आजी दुकानातल्या बाकावर बसली होती. तिच्याच वयाचे एक गृहस्थ कारागिरासमोर उभे होते. कारागीर त्यांची रायफल मागच्या आवारात चालवून नुकताच आत आला होता.

"काका, चाप एकदाच ओढला, तरी दोन गोळ्या सुटल्या."

"नक्की एकदाच?"

"तिन्ही वेळा तसंच. आतला खटका धरतच नाही. कुणा दीडशहाण्यानं त्यावर कानस फिरवलीय."

"तो दीडशहाणा मीच. पोराच्या बोटाला चाप जड जायचा, म्हणून."

"अहो काका! कुणाला लागली तर नाही ना?"

"माझ्या धाकट्या भावाला. दुसरी गोळी. जागीच गेला. पोरगं रडरडून सांगत होतं, बाबा, मी एकदाच ओढला. मी म्हटलं, खोटं बोलतोस."

"मग आता सांगा की त्याला."

"तोही गेला, मागच्या महिन्यात. शेवटपर्यंत तेच म्हणायचा."

"दुरुस्त करू?"

"नको. एकदाच ओढला तरी दोन सुटतात, एवढं कागदावर लिहून दे."

"कुणाला दाखवायचंय?"

"त्याच्या आईला. तिलाही मीच गप्प बसवलं होतं."

कारागीर पेन शोधू लागला. आजीनं पिशवीतलं आपलं पुढे केलं.

"अक्षर जरा मोठं काढ रे," गृहस्थ कारागिराला म्हणाले. " तिला हल्ली कमी दिसतं."