पॉलिसीबाहेरचे दात

अरे, सावंतकाकांच्या दाढेचं सांगतो, ऐका. दुबईत अल क्वोजला बाबांचं केटरिंग आहे आणि काका तिथे आचारी. दाढ सुजली म्हणून ते कंपनीचं विम्याचं कार्ड घेऊन क्लिनिकमध्ये गेले. आधी विचारलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, “फ्री है.” दाढ काढली. नंतर विमा कंपनीने कळवलं, या कार्डावर दातांचे उपचार नाहीत. बिल भरा, वर दंडही भरा. बाबांनी ते सगळं काकांच्या पगारातून कापलं. सहाशे दिरहम, म्हणजे चौदा हजार रुपये!

मी लंडनच्या कॉलेजातून सुट्टीत आलो होतो, भडकलोच. “बाबा, ते विचारून गेले होते!”

“मेडिकलमध्ये दात येत नाहीत. नियम आहे.”

“मग दात काय शरीराबाहेर उगवतात? आणि ही स्वस्तातली पॉलिसी घेतली कोणी?”

“लंडनचं शहाणपण इथे नको. खलास, विषय संपला!”

परवा कंपनीचा ग्रुप फोटो होता. बाबा मधोमध उभे. “सावंत, तोंड काय पाडलंय? जरा दात दिसू देत की!”

काका शांतपणे म्हणाले, “साहेब, ते पॉलिसीत नाहीत.”

आता फोटो ऑफिसात लागलाय. त्यात हसणारे एकटे बाबा आहेत. बाकी सगळ्यांची तोंडं घट्ट मिटलेली. माझंसुद्धा.