पांढऱ्या शेवंतीचा हार

आमचं गाव साखर कारखान्याच्या धुराड्याखालचं, कोल्हापूरपास्नं बसनं तासाभराच्या वाटेवर, आन् नशीब बघा कसं, अमेरिकेत आलो तर ह्या गावाचं नावबी शुगर लँड, म्हंजे साखरेतनं उठलो आन् साखरेत आलो, फकस्त हितं ऊस औषधालाबी दिसत न्हाई. बाप कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर हुता, मीबी तिथंच गोडाऊनला चिकटलो, पर त्याच्या आधी समदी तरणी वरसं तालमीत गेली, अंगाला माती लावली, जत्रंतल्या कुस्त्या मारल्या, लई मोठा न्हवतो पर आजूबाजूच्या गावांत दत्ता पैलवान म्हटलं की मान्सं वळकायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण फुडचं समदं ह्याच्यावरच हाय. दुसऱ्या कुणी मार खाल्ला आन् पैलवानानं खाल्ला ह्यात फरक पडतो का न्हाई, तुमीच सांगा.

थोरली भन हितं हुती, तिचं मालक, म्हंजे आमचे दाजी, तेलाच्या कंपनीत इंजिनियर. त्यांनी आमची कागदं घातली ती निघंस्तवर मला टक्कल पडलं. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात मी आन् माझी मंडळी शालन, आमी दोघं आलो. पोरबाळ न्हाई आमाला. दाजींच्या वळखीनं एका पेट्रोल पंपाच्या दुकानात लागलो, मी काउंटरला, शालन मागल्या खोलीत कॉफीची भांडी धुवायला. मला इंग्लिश येत न्हवतं, भाचीला म्हणायचो शिकीव की ग मला, तर ती म्हणायची, मामा, से इट स्लोली, आन् हसायची. दिवस बरं चालल्यालं.

मंग त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले. दाजी म्हणाले दत्ता, थोडे दिवस जपून राहा, आपला रंग बघून लोक काहीही समजतील. मी म्हणलो मला कोण काय करतंय. चार दिवस न्हाई गेलं तवर भर दुपारी दोघं आत आले. आमच्या दाराला घंटी हाय, दार उघाडलं की टिंग वाजती. एकजण दारापाशीच थांबला, त्याच्याकडं माझं ध्यान न्हवतं. दुसऱ्यानं फुडं येऊन इचारलं, कुठला तू. मी म्हणलो इंडिया. त्याला इंडिया काय आन् दुसरं काय, समदं सारखंच. त्यानं काउंटरवरनं माझी कॉलर धरली आन् ठोसा घातला, मंग आनखी घातलं, दात पडला, जबडा सरकला. आन् काय सांगू तुमास्नी, त्याचं मनगट माझ्या गळ्याशी आयतं आल्यालं, तालमीतलं शेंबडं पोरगंबी ते पिरगाळून त्याला खाली आणंल, आन् माझं हात काउंटरवर ठेवल्यालं तसंच. हललंच न्हाईत. जनू माझं न्हवंतच.

पोलीस आले, लिहून घेतलं, ती मान्सं काय घावली न्हाईत. जबडा बसला, दातबी बशिवला, पर त्या दिवसापास्नं टिंग वाजलं की हात थरथरायचं. सुट्टं पैसं सांडायचं. मी हात काउंटरखाली दाबून धरायचो. डाक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं नुसती झोप यायची. आन् शालन एका शब्दानं बोलली न्हाई. बायकू भांडली असती, पैलवान म्हणवता आन् असं का म्हणली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती गप वाढायची, मी गप जेवायचो. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची लाज वाटायची मला.

दाजी म्हणाले कराटेचा क्लास लाव, कॉन्फिडन्स येईल. गेलो एक दिवस. पांढऱ्या कापडातली पोरं रांगंनं वरडत हुती आन् शिकवणारा पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा, मला म्हणतो हाय बडी. माघारी आलो. पर मनानं घेतलं, हे थरथरणं मोडायचं तर वस्ताद पायजे. गोळी न्हाई, क्लास न्हाई, वस्ताद.

आमी ह्यूस्टनच्या चिनी बाजारात भाजीला जायचो, कोथमीर तिथं सस्त मिळती. बाजाराच्या मागं गाड्या लावायच्या जागंत एक म्हातारा सकाळचं एकटाच हात फिरवताना दिसला. हळू, पान्यात चालल्यासारखा. लोक म्हणतील म्हाताऱ्याचा व्यायाम हाय, पर मी त्याचं पाय बघितलं. सगळं वजन एका पायात वतून दुसरा रिकामा ठेवत हुता, कोण धडकंल तर धडकणाराच पडंल अशी ठेवण. पैलवानाला पैलवान कळतो. मंग भाजीचं निमित्त करून मी जायला लागलो, लांब उभा राहून बघायचो. त्याची लेक लिन, तिचं तिथंच जडीबुटीचं दुकान. तिला माझ्या तोडक्या इंग्लिशमधी इचारलं. ती म्हणाली बाबा मोडकी हाडं बसवायचे, लढाईबी शिकवायचे, आता काय करत न्हाईत, माझी आई लई आजारी हाय. मी म्हणलो, आमच्याकडंबी वस्तादच हाडं बसवतो. ती म्हणाली मिस्टर, प्लीज.

घरी आलो तर शालन म्हणाली, आवो, तुमी भाजीची पिशवी हातात घिऊन वस्ताद मागाय गेलासा, कोण ऐकंल. रीतीनं जावा. तिचं म्हणनं बराबर हुतं. आमच्यात नारळ, टॉवेल, टोपी आन् हार घिऊन जात्यात, हार घालायचा, पायावर डोकं ठेवायचं, मंग वस्ताद मातीत उतरू देतो. दोन हजार दोनचा दसरा धरला. टेक्सासात त्या दिवसांत शेवंतीचा सुकाळ, शाळंच्या फुटबॉलच्या मॅचला पोरी छातीवर ताटाएवढ्या शेवंत्या लावून हिंडत्यात. पांढरीशुभ्र शेवंती आणली, शालननं रातचं बसून हार गुंफला, असा घसघशीत की आमच्या तालमीच्या मारुतीलाबी तसा पडला नसंल. लिनच्या दुकानातल्या मान्साकडनं घराचा पत्ता काढला.

दार म्हाताऱ्यानंच उघाडलं. त्यो काय बोलायच्या आत मी हार गळ्यात घातला, नारळ पायाशी ठेवला, आन् वाकून डोकं टेकलं. वर बघतो तर त्याचं तोंड दगडासारखं. त्याच्या मागं फुडच्याच खोलीत खाट हुती, त्याच्यावर त्याची बायकू, हाडाचा सापळा राहिल्याली, आन् ती टक लावून त्या हाराकडं बघत हुती. म्हाताऱ्यानं हार काढला, पायरीवर ठेवला, दार लावलं. जोरानं न्हाई, हळूच लावलं. लिन मागल्या दारानं आली, रडत हुती. म्हणाली, आमच्यात पांढरी शेवंती मेल्याला घालत्यात. माझी आई आजून जित्ती हाय.

नारळ, हार उचलून घरी आलो. शालनला सांगितलं. ती म्हणाली हार माझ्या हातानं गुंफला, मंग पाप माझं. आन् दोघंबी जेवलो न्हाई.

थंडीत ती बाई गेली. दुकान बंद, दारावर कागद, शेवटचं दर्शन कुठं कधी ते लिवल्यालं. जाऊ नको म्हणत हुतं मन, तरी गेलो. आत पाऊल टाकलं आन् बघतो तर चहूकडं पांढरी शेवंती. रांगंत उभा राहून म्हाताऱ्याफुडं वाकलो, तवा त्यानं माझं मनगट धरलं. हात थरथरत हुतं. नाडी बघावी तसा त्यो धरून राहिला, मागं रांग थांबल्याली. मंग लिनला कायतरी बोलला. लिन म्हणाली, बाबा इचारत्यात हे कधीपास्नं.

तसा मला वस्ताद घावला. गाड्या लावायच्या जागंत सकाळी जायाचं, मोठी दुरडी कवळ्यात धरल्यागत हात धरून गुडघं वाकवून उभं राहायचं. बास. महिन्यामागनं महिनं तेवढंच. मी इंग्लिशमधी इचारायचो, त्याला इंग्लिश येत न्हवतं, त्यो काठीनं गुडघा खाली दाबायचा. शेवटी एकदा लिनला म्हणलो, इचार, मला मारायला कवा शिकवणार.

म्हाताऱ्यानं काठी खाली ठेवली. मंग सांगत गेला आन् लिन मला सांगत गेली. तिलाबी ते नवीनच हुतं, मधीच थांबायची. त्याच्या मुलखात त्यो तरणा हुता तवा तिकडल्या क्रांतीच्या धामधुमीत, जुनी इद्या शिकवतो म्हणून, जमावानं त्याला चौकात गुडघ्यावर बशिवलं आन् बडवलं, मारणाऱ्यांत त्याचं चेलंबी हुतं. त्यातल्या चौघांस्नी त्यानं जागच्या जागी मारलं असतं. पर गर्दीत त्याची बायकू उभी हुती. हात उचलला असता तर समदं तिच्याकडं वळलं असतं. मंग त्यानं मला इचारलं, त्या दिवशी तुझ्या मागं कोण हुतं?

मागल्या खोलीत शालन हुती. मी तसं सांगितलं. त्यानं मान हलवली, जनू झालं, सुटलं कोडं. पर खरं सांगू का, माझं कोडं सुटलं न्हाई. मार खाताना माझ्या डोसक्यात शालन न्हवती, कायच न्हवतं. वस्ताद शहाणा, त्यानं मला मान दिला. पर म्या त्यो कमावला हुता का, ही टोचणी ऱ्हायलीच.

गेल्या साली पानझडीत वस्ताद गेला. झोपंतच गेला. लिनचा फोन आला, रडत म्हणाली, तुमच्यातला तसला हार आणाल का, बाबांनी कुणाला सांगितलं न्हवतं, पर त्यो हार त्यास्नी आवडला हुता. शेवंती आणली. शालन गुंफाय बसली, मी फुलं देत हुतो. निम्मा हार झाला आन् ती सुई धरून थांबली. मान खाली घालून म्हणाली,

“आवो, त्यो दारातला दुसरा हुता न्हवं, त्याच्या कमरंला पिस्तूल हुतं. तुमास्नी दिसलं न्हाई. म्या फटीतनं बघत हुते. म्या अंबाबाईला म्हणत हुते, आई, ह्यास्नी हात उचलू दिऊ नगं. आन् मंग तुमचं हात असं झालं. म्हणून म्या कधी बोललेच न्हाई.”

एवढी वरसं, बघा. मला वाटायचं ही मला भ्याड समजती, आन् तिला वाटायचं माझं हात तिनंच बांधलं. एका खोलीत निजत हुतो आमी. मी रडलो. बाप गेला तवा रडलो न्हवतो. मंग हार पुरा केला, आन् वस्तादाला घातला, आन् पायावर डोकं ठेवलं. ह्या बारीला कुणी दार लावलं न्हाई.

थरथर गेली का म्हणून इचाराल, तर न्हाई गेली. सकाळी उभा राहतो, दुकानाच्या मागं कचऱ्याच्या डब्यापाशी, काठी दाबणारा कोण न्हाई, गुडघा आपसूक वर येतो. टिंग वाजलं की हात थरथरत्यातच, फकस्त आता मी ते काउंटरखाली धरत न्हाई, वरच ठेवतो, कुणाला दिसायचं तर दिसू दे. शालन मागनं कॉफीचं भांडं वाजवती, ‘मी हाय’ म्हणून सांगाय. तुमी लेकराबाळांची मान्सं, लांबनं आलासा, माझं ऐकून घेतलं. तुमच्या घरात कुणाला असं गप बसायची पाळी येऊ नये, एवढंच मागनं हाय. बसा तुमी, च्या घ्या. घंटी वाजली.