कुंदाचा पगार

माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं, पवनीपासून जवळच, आणि आमच्या घरातल्या सगळ्या बाया विड्या वळायच्या, आई वळायची, मावशी वळायची, मी सहा वर्षांची असल्यापासून पानं कापून द्यायची. ते तू आधी लिहून घे, कारण लोकांना वाटतं मी लखनौची, तीस वर्षं झाली ना इथं, सब्जीवाल्याशी मी त्याच्यापेक्षा चांगल्या हिंदीत भांडते, पण आहे मी विडीवालीचीच पोरगी, आणि पैशातलं जे काय मला कळतं ते त्या तंबाखूच्या सुपापाशी बसून कळलं. आई हजार विड्या वळून न्यायची तर ठेकेदार त्यातल्या शंभर-दीडशे छाट म्हणून बाजूला काढायचा, खराब आहेत म्हणायचा, तेवढे पैसे कापायचा, आणि त्या छाट विड्या परत द्यायचा का, तर नाही, त्या पण ठेवून घ्यायचा आणि विकायचा. वर आईचा अंगठा घ्यायचा, हिशोब पूर्ण म्हणून. आई घरी येऊन हात धुवायची आणि म्हणायची, पोरी, उपाशी राहा पण काम केलेल्या माणसाची मजुरी खाऊ नको, ते पचत नाही.

ते माझ्या डोक्यात असं बसलं की पुढं जे झालं ते सगळं त्यावरूनच झालं, चांगलं पण, आणि ते दुसरं पण.

लग्न होऊन इथं आले. आमचे हे एका कचेरीत गाडी चालवायचे, कायम होतील कायम होतील म्हणत कंत्राटावरच राहिले. वृंदावन योजना म्हणून इथली वसाहत आहे, तिथं हाउसिंग बोर्डाचं लहानसं घर घेतलं, हप्त्यावर, आणि मी सेक्टरच्या बाजारात एक शटरचं दुकान भाड्यानं घेतलं, फॉल-पिको, ब्लाउज, आणि हजरतगंज बाजारातल्या एका दुकानदाराचे चिकनच्या भरतकामाचे कुर्ते यायचे, त्यांची तुरपाई. तुरपाई म्हणजे काठ दुमडून हातानं शिवायचा, वरून टाका दिसता कामा नये. माझा हात चांगला आहे. अजून आहे.

मग लॉकडाऊन आलं, यांचं कंत्राट गेलं ते गेलंच, साहेब म्हणाले बुलाएँगे, आणि अजून बोलावून राहिले. तेव्हापासून घर दुकानावर. आणि काय सांगू तुला, दुकान बुडतं ते धंदा नाही म्हणून नाही बुडत, ते घरात बुडतं. गॅस संपला, काढ गल्ल्यातून. पाहुणे आले, काढ गल्ल्यातून. मी बचत लिहून वेगळा डबा केला, तर त्या डब्याला सगळ्यांत आधी हात जायचा, कारण बचत म्हणजे आपलीच ना, आपल्याला आपली लाज वाटत नाही.

तेव्हा मला आईचं आठवलं. म्हटलं, माझ्या नावाचा पैसा मी खाते, पण दुसऱ्याची मजुरी माझ्याच्यानं खाल्ली जात नाही. मग मी काय केलं, एक बाई कामाला ठेवली. नसलेली. हजेरीची वही आणली, पहिल्या पानावर लिहिलं, कुंदा, तुरपाई, पगार अडीच हजार. नाव काहून कुंदा, ते मला आजही सांगता येत नाही, या नावाचं आमच्यात कोणी नाही, लिहायला बसले आणि हातानं लिहिलं. बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, तो तिचा. रोज हजेरी मांडायची, रविवारी सुट्टी, आणि एक तारखेला भाडं नाही, हप्ता नाही, आधी कुंदाचा पगार. दिवाळीला पाचशे वरून. हे हसायचे, म्हणायचे वा, अशी एक मला पण बघून दे, चहा मागत नाही, तोंड उघडत नाही. मी म्हटलं तुम्हाला कोण ठेवणार, तुम्ही आहात तरी हजेरी लागत नाही.

पण डबा टिकला. घरात तेल नव्हतं तेव्हा पण टिकला. कारण ते पैसे तिचे होते.

पहिल्यांदा कळलं ते जानेवारीत. तुला माहीत आहे इथला कोहरा, सकाळी दहा वाजता पण समोरचं दुकान दिसत नाही, नुसता आवाज येतो. तिवारी भाभी आली, साडी घेऊन, आणि बोलता बोलता म्हणते, आपकी वो बाई बड़ी सीधी है, नमस्ते करो तो बस सिर हिला देती है। मी म्हटलं कौन बाई। ती म्हणते अरे वही, जो खिड़की के पास बैठती है। मी हसून सोडलं, कोहऱ्यात तिला शिलाई मशीन पण बाई दिसली असेल. मग चार दिवसांनी कुर्ते मोजत होते आणि एकाचा काठ उलटा करून पाहिला, तर टाके डावीकडे झुकलेले.

हे तुला समजून घ्यावं लागेल. मी उजव्या हाताची, माझा तुरपाईचा टाका नेहमी एकाच बाजूला कलतो, कितीही झोपेत केला तरी. दुसऱ्या बाजूला कलतो तो डावखुऱ्या माणसाचा. आमच्या घरात डावखुरं कोणी नाही, यांना तर सुईत दोरा ओवता येत नाही. आणि टाका काय होता, बाप्पा, माझ्यापेक्षा बारीक.

बघ, आमच्यात भूतखेत मानत नाहीत. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे ताईत-गंडे नदीत टाकले, आम्ही विहारात जाणारी माणसं, मी कुणाला लिंबू उतरवू दिलं नाही आयुष्यात. म्हणून मी भूत म्हटलं नाही तेव्हा, आजही म्हणत नाही. मी म्हटलं, पगारी बाई आहे, काम करून राहिली. एवढंच. माझ्या एकटीच्यानं दिवसाला बारा कुर्ते व्हायचे, ते अठरा व्हायला लागले, वीस व्हायला लागले. तिच्या नावानं एक स्टूल मांडलं होतं, ते मी ठेवलेल्या जागी कधी नसायचं, खिडकीजवळ सरकलेलं. डब्यातून मात्र तिनं एक रुपया उचलला नाही. मला कशाची भीती वाटत असेल तर ती याची वाटायची. घेणाऱ्याची भीती नाही वाटत, त्याचं पोट कुठवर ते कळतं. न घेता काम करणाऱ्याचं काही कळत नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग हजरतगंजवाल्याचं पेमेंट अडकलं, तीन महिने, मैडम ऊपर से नहीं आया, मैडम अगले हफ्ते, आणि त्याच महिन्यात दुकानाचा मालक आला, म्हणाला मोबाइलवाला पचास हज़ार एडवांस दे रहा है, आप दीजिए तो आप रखिए, नहीं तो पंद्रह दिन में खाली। दुकान गेलं की घराचा हप्ता गेला, हप्ता गेला की घर गेलं, मग परत पवनीला तोंड दाखवायचं, या वयात. कुंदाच्या डब्यात साठच्या वर होते. हे म्हणाले, अगं तुझेच आहेत, वेडी का तू, घे. मी दोन दिवस घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी घेतले, पन्नास.

घेतले ते चुकलं नाही, ते मी आजही म्हणते. तिला सांगून घेतले असते, उसने म्हणून लिहिले असते, तर काही झालं नसतं. पण मला लाज वाटली म्हण किंवा सुटका पाहिजे होती म्हण, मी वहीत तिच्या नावापुढं लिहिलं, काम सोडले, हिशोब पूर्ण. आणि सहीच्या जागेवर माझाच डावा अंगठा शाईत बुडवून उठवला.

अंगठा उठवला आणि मला त्या ठेकेदाराच्या खोलीतला तंबाखूचा वास आला. मी वही मिटून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून परत बारा कुर्ते. स्टूल जिथल्या तिथं. आठवडाभरानं तिवारी भाभी आली, साडीचा काठ सुटला म्हणून, मग एक ब्लाउजवाली आली, मग हजरतगंजहून अख्खं पोतं आलं, दुकानदार फोनवर ओरडून राहिला, सबकी तुरपाई खुल गई, मेरी नाक कटवा दी। मी पोतं जमिनीवर ओतलं आणि एकेक कुर्ता खिडकीशी धरून पाहिला. माझे टाके होते तिथं टाके होते. बाकीच्यांत दोरा तुटलेला नव्हता, उसवलेला नव्हता, दोरा नव्हताच. नुसती सुईची भोकं, बारीक, ओळीनं, सगळी डावीकडे झुकलेली. जशी कोणी आपली मेहनत उचलून परत घेऊन गेली.

कानातले मोडले, चोवीस हजार आले, ते डब्यात टाकले. वहीतली ती ओळ खोडली, अंगठ्यावर काट मारली, खाली लिहिलं, कुंदाचे देणे बाकी सव्वीस हजार, आणि वाचून दाखवलं, मोठ्यानं, रिकाम्या स्टुलापुढं, दुपारी दोन वाजता, लू चालली होती, ते उन्हाळ्यातलं भाजणारं वारं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मग ते पोतं माझ्या हातानं शिवलं, सोळा दिवस लागले, बोटांची चाळण झाली. हजरतगंजवाल्यानं थकलेले पैसे दिले, उशिरा दिले पण दिले. दुकान राहिलं. बाकी मी महिन्याला पगारावर हजार वर घालून फेडली, दोन वर्षं आणि वर दोन महिने लागले, आणि ज्या एक तारखेला शेवटचा हजार टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर स्टूल खिडकीजवळ.

मी बाहेर पायरीवर बसून चहा प्यायले. मग आत गेले आणि कामाला लागले, दुसरं काय करणार.

आता हे म्हणतात बँकेत टाकू, व्याज तरी मिळेल. मी म्हटलं कुणाच्या नावानं, बँकवाला आधार कार्ड मागेल तर तुम्ही आणून द्या तिचं.

आणि तुला एक विचारायचं होतं मघापासून. हा कुर्ता तू मंगळवारी टाकून गेली होतीस, तुरपाईला. बुधवारपासून मी लखनौबाहेर बख्शी का तालाबला नणंदेकडे होते, दुकानाची एक किल्ली ही इथं, माझ्या कमरेला, दुसरी यांच्याकडे. शुक्रवारी आले तर कुर्ता नव्हता, म्हटलं यांनी दिला असेल, हे म्हणतात मी तिकडे फिरकलोच नाही. आणि आज तू तोच घालून आलीस. दाखव जरा काठ. हं. घाबरू नको, बस. शटर वर होतं म्हणतेस. बोलली नसेल काही, मान हलवली असेल, हो ना, तशीच आहे ती. कशी दिसते गं, नको, सांगू नको. ओळख झाली की माणूस उधारी करतो, मला ती अशीच बरी.

पैसे घेतले का तिनं? नाही ना, वाटलंच. साठ रुपये होतात. माझ्या हातात नको देऊस, तो वरचा डबा काढ, त्यात टाक तूच. झाकण नीट लाव. आता धू, पिळ, काही कर, तो काठ सुटायचा नाही. सुखी राहा बाळा. चहा घे, गार होऊन राहिला, आणि तो तिसरा कप तिथंच राहू दे.