‘थांबा’ दाबल्यावर

इस्पितळात माझ्या शेजारच्या बाकावर एका कारखान्यातले दोघे बसले होते. एक, पडद्यावर चौकटी जोडून यंत्राचा प्रोग्राम तयार करणारे सर. दुसरी, त्यांच्या हाताखालची मुलगी.

“दाबयंत्रावरच्या कामगाराची दोन बोटं गेली, सर.”

“त्यानं ‘थांबा’चं बटण दाबलं नव्हतं?”

“हातमोजा अडकल्याबरोबर दाबलं. यंत्राचा दट्ट्या खाली यायच्या आधी. पण आपला प्रोग्राम म्हणजे चौकटीत चौकट, तिच्या पोटात आणखी एक. एकदा आत शिरला की शेवटापर्यंत बटणाकडे बघतच नाही.”

“पाच वर्षं बिनबोभाट चालला गं.”

“मी म्हटलं होतं, टप्पे सुटे करू. माल भरणं, दाबणं, सोडणं. एक टप्पा झाला की आधी बटण बघायचं, मग पुढं कुठं जायचं ते ठरवायचं.”

“आणि मी म्हटलं, चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?”

“त्याची बायको आलीय. विचारत होती, यांनीच बटण दाबायला उशीर केला का?”

“काय सांगितलंस?”

“काही नाही. ते तुम्ही सांगायचं, सर.”

सर उठले, दारापाशी उभ्या असलेल्या बाईंसमोर जाऊन थांबले.

“वहिनी, त्यानं वेळेवर दाबलं होतं. यंत्रानं त्याचं ऐकावं अशी सोय मीच ठेवली नव्हती.”