मावशीची निशाणी

तुमी म्हणता सही म्हंजे कागदावरची रेघोटी. माह्या मावशीचा मळा त्या रेघोटीपायीच गेला ना.

मावसा वारल्यावर तिच्या दिरानं आपल्या मनानं फुलाचा अर्धा मळा तिच्या नावावर करून द्याचं ठरवलं. आमी तिघं मूर्तिजापूरच्या कचेरीत गेलो. मावशीले लिहिता येत नव्हतं. मुन्शी म्हणे, "बाई, नावापुढं बांगडी काढा."

मावशीनं रिकामं मनगट पुढं केलं. "माह्या हातात बांगडी कुठं हाये?"

"अवो, बायाईची निशाणी बांगडी अन् गड्याईची नांगर. तशी रीतच हाये."

"मंग मले नांगर काढू द्या. मळा मीच वाहून राहिली."

"तुमी नांगर काढला तं सायब म्हणन, सही कोण्या गड्यानं केली."

मावशी उठलीच. दीर म्हणे, "राहू द्या वहिनी, पोळा झाल्यावर येऊ." पोळ्याच्या आधीच दीर वारला, अन् त्याच्या पोराईनं साऱ्या मळ्याले कुंपण घातलं.

मी मागून एकदा तिले म्हटलं, "मावशी, एक गोलच तं काढाचा होता."

ती म्हणे, "मुन्शी नुस्तं गोल काढा म्हणला असता, तं काढला असता रे."