उलटा फिरणारा पंखा

आम्ही धावड्याचे, भोकरदन तालुक्यातले. दोघं भाऊ. थोरला भगवान, त्याला मी दादा म्हणायचो, अन् मी काशिनाथ. दादाला लाकडाचा नाद, गावात सुताराच्या पडवीत बसून राह्यचा, मंग जालन्याला आला अन् फर्निचरच्या कारखान्यात घासकामाला लागला. घासकाम म्हणजे फळी पॉलिशपेपरच्या मशीनवर घासून गुळगुळीत करायची. मी आयटीआय केली, वायरमन झालो, अन् पुण्याकडं कंपनीत गेल्तो. दादा फोनवर कधी कामाचं बोलला न्हाई. तू बरा हैस ना, जेवला का, एवढंच. खोकायचा मधी मधी. मी विचारलं तर म्हणायचा, अरे धूळ है, लाकडाची है, गोड असते.

काय सांगू तुम्हाला, त्या धुळीसाठी कारखान्यात मशीन होतं. ब्लोअर म्हणतात आमच्यात. मोटर, मोटरीवर पंखा, पंख्याला जाड पाइप, पाइपाचं तोंड घासायच्या मशीनपाशी, धूळ ओढायची अन् मागच्या कापडी पिशवीत टाकायची. दादा त्याच्याच तोंडापाशी उभा राह्यचा, वर्षानुवर्षं. अन् त्याची छाती गेली. दवाखान्यात विचारलं, बिडी ओढता का, दादा म्हणला ओढतो, झालं, तिथंच निकाल लागला. बिडी होतीच, मी न्हाई म्हणत न्हाई. पण वहिनीनं तेच धरलं. खिशातली बंडलं काढून चुलीत टाकायची, म्हणायची, लेकरांपेक्षा बिडी प्यारी है तुम्हाला, भोगा आता. दादा गेला तरी तिचा राग गेला न्हाई. दहाव्याला पाहुणे म्हणले, पिंडापाशी एक बिडी ठेवा, त्याला आवडायची. ती म्हणली, ज्यानं ठेवली त्याचं तोंड बघणार न्हाई.

मी तवा पुणं सोडून जालन्याला आल्तो, वहिनीकडंच राह्यलो. अन् एक दिवस कारखान्याचे शेठ स्वतः दारात. म्हणले, काशिनाथ, ब्लोअर बघ जरा, तुझा भाऊ गेल्यापासून दुपारी जेवणं झाली की आपोआप बंद पडतो.

गेलो. तिथं स्टार्टरच्या डब्याला लिंबू-मिरची बांधलेली. आता दादाच्या जागी सलीमभाई उभे राहतात, म्हातारे होत आले, थट्टेखोर माणूस. म्हणले, आओ काशिनाथ, तुझ्या भावाला समजाव, आम्हाला काम करू देत न्हाई, स्वतः जिवंत होता तवा एक सुट्टी मारली न्हाई अन् आता रोज दुपारी मशीन बंद करून राह्यला. सगळे हसले. मंग कुणीच कुणाकडं बघेना.

मी दुपारपर्यंत थांबलो. जेवणं झाली, रंधा, करवत, सगळी मशीनं एकदम चालू झाली, अन् थोड्या वेळात खट्ट. ब्लोअर बंद. खरं सांगतो, मी बी आधी त्या लिंबू-मिरचीकडं बघितलं. मेन स्विच पाडला, डबा उघडला. आत पिठासारखी धूळ ठासून भरलेली, अन् एका वायरीचा स्क्रू ढिला, जळून काळा पडलेला. सगळी मशीनं लागली की व्होल्टेज पडायचं, मोटर करंट जास्त ओढायची, ढिल्या जागी वायर तापायची अन् रिले, म्हणजे जास्त तापलं की मोटर बंद करणारा डब्यातला खटका, पडायचा. एवढंच भूत. मी विचारलं, हे आधी का न्हाई व्हायचं? सलीमभाई म्हणले, भगवान रोज सकाळी हवेच्या नळीनं डबा साफ करायचा ना. तो गेला, कोण करणार?

स्क्रू बदलला, आवळला, चालू केलं. बंद पडेना. शेठ म्हणले, शाब्बास. मी निघालोच होतो, पण सवय असते, पाइपाच्या तोंडाला एक कागद धरला. कागद चिकटायला पाहिजे, ताणून. तो नुसता हलला. पिशवी झटकली, पाइप ठोकला, तरी तसंच. तवा सलीमभाई हळूच म्हणले, भगवान बी म्हणायचा हे ओढत न्हाई म्हणून. आम्ही म्हणायचो, आवाज येतो ना, मंग चालू है.

पंख्याच्या घरावर, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पत्र्याच्या खोक्यावर, बाण असतो, कुण्या बाजूनं फिरायला पाहिजे त्याचा. बाण दिसेना. दर दसऱ्याला मशीन धुऊन, हिरवा ऑइलपेंट लावून, वर कुंकवाचं स्वस्तिक काढून हार घालायची रीत. थरावर थर. मी पटाशीनं खरवडत गेलो अन् खाली बाण निघाला. पंखा त्याच्या उलटा फिरून राह्यला होता. असा पंखा उलटा फिरला तरी हवा थोडी ओढतोच, आवाज बी बराबर देतो, म्हणून कळत न्हाई. मोटर कधी तरी जळाली असंल, आतली तार नव्यानं भरून आणली असंल, जोडताना दोन वायरी अदलाबदल झाल्या असतील, तेवढ्यानं मोटर उलटी फिरते. कधी, कुणी, कुणालाच आठवेना.

शेठ म्हणले, काशिनाथ, वाईट वाटून घेऊ नको, पण रंग तर तुझा भाऊच लावायचा. खरं होतं. दादाच लावायचा, हौसेनं. मी म्हणलो, शेठ, रंग त्यानं लावला, पंखा त्यानं उलटा जोडला न्हाई. अन् ओढत न्हाई म्हणून तोच एकटा सांगत होता. शेठ म्हणले, मुद्दाम कुणी केलं न्हाई. मी म्हणलो, न्हाईच केलं. पण एक कागद धरून बी कुणी बघितलं न्हाई.

मेन पाडून त्या दोन वायरींची अदलाबदल केली, बटन दाबलं. काय सांगू तुम्हाला, पाइप असा गरजला, आत साचलेली जुनी धूळ एकदम सुटली, सांध्यासांध्यातून बाहेर आली, सगळ्यांनी रुमाल लावले. मी न्हाई लावला. दादानं घासलेलं लाकूड होतं ते. तोंडात चव आली. गोड न्हाई, कडू.

लोक म्हणले भूत गेलं. गेलं कुठं, माझ्याच मागं लागलं. कुठं बी मोटरीचा आवाज आला की मला दादा खोकताना ऐकू येतो.

वहिनीला सांगावं का न्हाई, लई दिवस घोळवलं. राग होता तवर ती उभी होती, तो काढून घेतला तर? पण मेलेल्या माणसावर सगळा बोल राहावा हे बी बराबर न्हाई. सांगितलं. ती तांदूळ निवडून राह्यली होती. हात थांबला. म्हणली, भाऊजी, ओढत नव्हता तरी आवाज येत होता? म्हणलो, येत होता. ती म्हणली, मंग शेवटी शेवटी ते मला एकच म्हणायचे, मी भांडले की, अगं नुसती बिडी न्हाई. मी त्यांना पुढचं बोलूच दिलं न्हाई. अन् ताट तसंच सोडून आत गेली.

आता मी जालन्यात कारखान्या-कारखान्यात जातो, म्हणतो, ब्लोअर बघू द्या. कुणी हसतं, कुणी म्हणतं आमचा चालू है, आवाज ऐकू येत न्हाई का. कुठं बघू देतात, तर एखादा सापडतो तसाच. वहिनी रोज विचारते, आज कुठं गेल्ते, ओढतो का तिथला? ज्या दिवशी कुणी दाराच्या आत घेतलं न्हाई, त्या दिवशी मी खाली बघतो. ती भाकर वाढते अन् म्हणते, उद्या परत जा, भाऊजी.